घरामागचे चार वाफे

यवतमाळ जिल्ह्याचं नाव निघालं की आधी कापूस आठवतो, आणि कापसाच्या मागोमाग नापिकी, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. हे चित्र खरं आहे, पण पुरतं नाही. याच जिल्ह्यातल्या घरांमागे, मोरीच्या आणि न्हाणीच्या पाण्यावर, एक दुसरी शेती चालते. तिची सातबाऱ्यावर नोंद होत नाही, तिला पीककर्ज मिळत नाही, बाजार समितीत तिच्या मालाचा भाव फुटत नाही. दाराशी गोडलिंब (कढीपत्ता), कुंपणावर वालाचा वेल, पऱ्हाटीच्या मांडवावर दोडकं आणि कारलं, कोपऱ्यात शेवगा, पाण्याच्या वाटेवर पपई किंवा लिंबू, आणि मधल्या वाफ्यात सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक. बहुतेक घरांत ही शेती आई सांभाळते आणि लेकरं तिच्या मागेमागे फिरत ती शिकतात. आपण तिला बायकांची हौस म्हणतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं असं की ही हौस घराच्या पोषणाचा आणि मुलांच्या आठवणींचा पाया आहे, आणि म्हणून तिला जागा, पाणी आणि घरातल्या सगळ्यांचे हात मिळणं हा तिचा हक्क आहे.

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे. इथे औद्योगिक वसाहत आहे, रेमंडचा डेनिम कारखाना आहे, आणि भोवती कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारा मुलूख आहे. गाव आणि शहर जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे घरामागची सांदवाडी सर्वांत आधी आक्रसते. प्लॉट पडतात, आवारात फरशी किंवा काँक्रीट येतं, उरलेल्या जागेत दुचाकी उभी राहते. भाजी बाजारातून येऊ लागते आणि घरच्यांना त्यात काही गमावल्यासारखं वाटतही नाही. हा बदल कुणी ठरवून केलेला नाही, पण त्याचा परिणाम ताटावर होतो. शेतात पैसा पिकवायचा आणि ताटातलं सगळं विकत आणायचं, ही रीत या भागात फार जुनी नाही.

पूर्वी कपाशीचं शेत नुसतं कपाशीचं नसायचं. ओळींत तूर असायची, मधून मूग, उडीद, बरबटी आणि थोडी भेंडी, धुऱ्यावर अंबाडी. कापूस व्यापाऱ्याकडे जायचा आणि बाकीचं घरी यायचं. निंदायला गेलेल्या बाया परतताना ओच्यात तरोटा, घोळ, कुंजर आणत. पावसाळ्याच्या सुरुवातीची ही रानभाजी फुकट मिळायची आणि ताजी असायची. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढच्या काही वर्षांत ती जवळपास सगळीकडे पसरली, सोयाबीनही वाढलं आणि तणनाशकांचा वापर रूढ झाला. तणनाशक मारलेल्या शेतात तरोटाही उरत नाही आणि घोळही. उत्पन्नाच्या दृष्टीने हा बदल शहाणपणाचा होता की नाही, हा वाद वेगळा आहे. ताटाच्या बाजूने पाहिलं तर एवढं नक्की दिसतं की शेतातून घरी येणारी भाजी कमी झाली. जी जबाबदारी पूर्वी अख्खं शेत उचलत होतं, ती आता घरामागच्या चार वाफ्यांवर आली आहे.

ही जबाबदारी किती मोठी आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातले, महाराष्ट्राचे आकडे सांगतात. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. देशातल्या पुढारलेल्या गणल्या जाणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात: जंत, मलेरिया, सिकलसेलसारखे आनुवंशिक आजार, लागोपाठची बाळंतपणं. तरीही लोह, फोलेट आणि इतर सूक्ष्मपोषकांची आहारातली कमतरता हे त्यातलं मोठं कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात पालेभाज्या धरून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घरात ही रोजची दोन किलो भाजी झाली. मजुरीवर चालणाऱ्या घरात रोज दोन किलो भाजी विकत येत नाही. भाव चढले की घरात पहिली काटछाट भाजीवरच होते, आणि उरलेल्या थोड्या भाजीत शेवटी जेवणाऱ्या बाईचा वाटा सर्वांत लहान असतो.

परसबाग ही दोन किलोंची गरज एकटी भागवू शकत नाही, आणि तसा दावा करणं चुकीचं ठरेल. ती जे भागवते ते मोलाचं आहे: पालेभाजी, सांभार, लिंबू, शेवगा, म्हणजे जे थोडं लागतं, रोज लागतं आणि शिळं झालं की निम्मं वाया जातं. ताटातल्या पदार्थांची जोडणीही इथे कामाला येते. पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं आणि जेवणालगत चहा घेतला तर घटतं. म्हणून वरणावर पिळलेलं घरचं लिंबू ही चवीपुरती गोष्ट राहत नाही. पपई, कोहळं (लाल भोपळा), शेवग्याचा पाला यांतल्या कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं, आणि त्यासाठी जेवणात थोडं तेल असावं लागतं. अंबाडीची भाजी तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वर लसणाची तेलाची फोडणी द्यायची, ही वऱ्हाडी रीत पोषणशास्त्र शिकून कुणी घालून दिलेली नाही. पण त्या शास्त्राला ती मान्य होण्यासारखी आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. परसबागांच्या प्रकल्पांवर जगभर अभ्यास झाले आहेत, आणि ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१३ साली माता-बाल पोषणावर काढलेल्या लेखमालेत त्यांचा आढावा घेतला गेला. अशा प्रकल्पांनी घरातलं भाजी-फळांचं खाणं वाढतं, काही ठिकाणी ‘अ’ जीवनसत्त्वाची स्थिती सुधारते, पण मुलांची उंची आणि वजन त्यामुळे वाढतं याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही, असा त्याचा सूर होता. तो मान्यच करायला हवा. मुलाच्या वाढीवर आईचं गरोदरपणातलं पोषण, स्वच्छ पाणी, शौचालय, जुलाब, लसीकरण, दूध-अंडी-डाळींचं प्रमाण अशा अनेक गोष्टींचा परिणाम होतो. चार वाफ्यांच्या भाजीने खुंटलेली उंची भरून निघावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात मात्र परसबाग, कोंबडीपालन आणि आईशी आहार-आरोग्याविषयी नियमित बोलणं या तिन्हींची सांगड घालून एक प्रयोग झाला आणि २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात लहान बाळांमधला रक्तक्षय कमी झालेला दिसला. यावरून कळतं ते असं की नुसतं बियाण्याचं पाकीट वाटून काही होत नाही. वाफ्याला जाणतेपणाची जोड मिळते तेव्हा फरक पडतो. आपल्याकडे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानातून बचत गटांच्या मार्फत ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबवली गेली आहे, अंगणवाड्यांतून पोषणवाटिका लावल्या जातात, शाळांतूनही परसबागा होतात. त्यांचं यश लावलेल्या बागांच्या संख्येवर मोजू नये. गरोदर बाईच्या आणि दोन वर्षांच्या लेकराच्या ताटात त्या बागेतलं काय आणि किती वेळा आलं, यावर ते मोजलं पाहिजे.

पोषणाइतकाच महत्त्वाचा, पण मोजायला अवघड असा दुसरा भाग आहे चवीचा आणि आठवणीचा. मूल भाजी खात नाही ही घरोघरची तक्रार आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गरोदर आणि काही बाळंत स्त्रियांना नियमितपणे गाजराचा रस दिला होता. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली, तेव्हा ती चव त्यांनी अनोळखी मानली नाही, सहज स्वीकारली. आई जे खाते त्याचे गंध गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोचतात. चवीची ओळख पहिल्या घासाच्या कितीतरी आधी सुरू होते. मोठ्या मुलांबाबतही असं दिसून आलं आहे की नवी भाजी आठ-दहा वेळा समोर आली की नावड पुष्कळदा मावळते. विकतच्या भाजीला आठ-दहा वेळा नकार पचवणं गरीब घराला परवडत नाही, कारण प्रत्येक नकार पैसे खातो. घरच्या वाफ्यातली मूठभर मेथी पुन्हा पुन्हा समोर ठेवता येते. शिवाय जे बी आपण टोकलं, ज्याचा कोंब उगवताना पाहिला, त्याची शेंग खाण्याचं मुलाला वेगळं आकर्षण असतं.

मुलाच्या मनात आठवणी कशा घडतात, यावरही मानसशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांच्या संशोधनाचा गाभा असा: जी आई घडून गेलेल्या गोष्टींविषयी मुलाशी खुलवून बोलते, मग काय झालं, तू काय पाहिलंस, तुला काय वाटलं असं विचारते, तिच्या मुलाला पुढे स्वतःचं बालपण अधिक बारकाव्यांनिशी सांगता येतं. अशा बोलण्याला रोजचा, सावकाश चालणारा आणि दोघांनी मिळून करायचा उद्योग लागतो. अभ्यास घेताना आई परीक्षक होते, जेवण वाढताना घाईत असते. वाफ्याशी मात्र दोघंही एकाच गोष्टीकडे पाहत असतात: काल कळी होती, आज फूल आहे, उद्या शेंग धरेल. कालच्याविषयी बोलायला आणि उद्याची वाट पाहायला तिथे आयतं निमित्त असतं. गंधाचा अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. शब्द किंवा चित्रं पाहून जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा किशोरवयातल्या आणि तरुणपणातल्या असतात, पण वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी प्रामुख्याने आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. तुळस, गोडलिंब, सांभार, पहिल्या पावसाने भिजलेली काळी माती हे वास ज्या वयात मनात मुरतात, तेच वय आईच्या पदराशी असण्याचं आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातलं ‘मुकी फुले’ हे प्रकरण फुलांच्या कळ्या तोडण्याबद्दलचं आहे. कळी झाडावरच उमलू द्यावी, ही शिकवण श्यामच्या मनात टिकली, कारण ती उपदेशाच्या वेळी मिळाली नाही, फुलझाडांशी जडलेल्या रोजच्या जगण्यातून मिळाली.

यावर जो आक्षेप येईल तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आईच्या मायेचं आणि तिच्या बागेचं कौतुक करता करता आपण तिच्या माथ्यावर आणखी एक काम तर देत नाही ना? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही हे काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्के होतं आणि पुरुषांचं जेमतेम २६ टक्के. कापूस वेचून, सरपण-पाणी करून, स्वयंपाक उरकून दमलेल्या बाईला परसबाग लाव असं सांगणं हे प्रेम नव्हे. म्हणून माझ्या म्हणण्याला एक अट आहे: परसबाग घराची असावी, एकट्या आईची नसावी. वाफे खणणं, मांडव घालणं, शेणखत टाकणं, कुंपण करणं ही अंगमेहनतीची कामं बाबांची आणि मोठ्या मुलांची. पाणी देणं आणि कीड वेचणं लहान मुलांना जमतं, मग तो मुलगा असो की मुलगी. काय लावायचं आणि काय खुडायचं, हा निर्णय मात्र आईचा राहावा, कारण जाण तिच्याकडे असते. आनंदही असाच वाटून येतो. जिच्यावर सगळा भार आहे तिला बाग दिसते ती फक्त कामाच्या रूपाने. कामं वाटली गेली तरच तिला वाफ्याशी दोन घटका निवांत बसता येईल आणि लेकराशी बोलता येईल.

पुढचा आक्षेप पाण्याचा, आणि यवतमाळकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांतला साठा आटला आणि शहराने भीषण टंचाई पाहिली. जिथे प्यायला पाणी नाही तिथे मेथीला कुठून आणणार? इथे हिशेब उपयोगी पडतो. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होतं आणि त्यातला मोठा भाग अंघोळ, भांडी, तांदूळ-भाजी धुणं यातून पुन्हा बाहेर पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला तीन ते पाच मिलिमीटर धरलं, तर २० चौरस मीटरच्या बागेला ६० ते १०० लिटर लागतात. म्हणजे नालीत जाणाऱ्या पाण्यावरच हिवाळी वाफा निघतो. मात्र काळ्या मातीबाबत सावध असावं. कपड्यांच्या साबणातला सोडियम या चिकण मातीची घडण बिघडवतो, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. म्हणून धुण्याचं पाणी वेगळं काढावं. अंघोळीचं पाणी केळी, पपई, शेवगा अशा झाडांच्या आळ्यात सोडावं, आणि भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पालेभाजीला द्यावं. उन्हाळ्यात हट्ट धरू नये. वाफे आखडते घ्यावेत, मुळाशी कुटार किंवा पाचोळ्याचं आच्छादन द्यावं आणि शेवगा, लिंबू, गोडलिंब जगवण्यापुरतंच पाणी वापरावं. मृगाच्या पावसाबरोबर दोडकं, कारलं, वाल, कोहळं, बरबटी, आणि दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, सांभार, मुळा, वांगी. हे वेळापत्रक पाळलं तर वर्षातले सात-आठ महिने बाग पावसावर आणि सांडपाण्यावर चालते.

आणखी एक मुद्दा विषाचा आहे. २०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ज्या घराने हे पाहिलं, त्याला आपल्या ताटातल्या भाजीवर काय मारलं आहे हे ठाऊक असण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण ती खात्री आपोआप येत नाही. औषधांचे रिकामे डबे पाणी द्यायला किंवा झाडं लावायला वापरले जात असतील, पंप वाफ्याजवळ धुतला जात असेल, तर परसबागही सुरक्षित नाही. हे डबे घरात येताच कामा नयेत. विषाशिवाय शेती होत नाही, हे म्हणणंही तपासून पाहावं. २०२५ साली पद्मश्री मिळालेले यवतमाळचे सुभाष शर्मा रसायनांशिवाय पिकं आणि भाजीपाला घेत आले आहेत, आणि त्यांचा सगळा भर जिवंत माती व जागच्या जागी मुरवलेल्या पाण्यावर आहे. एवढ्याशा बागेत तर कीड हाताने वेचता येते. बियाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि भाज्यांचे गावरान वाण घरात जपले, बायफ या संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली, आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांचं काम आईपणाच्या जुन्याच कामाचं मोठं रूप आहे: राखेत घोळून, गाडग्यात घालून, पुढच्या मृगासाठी आणि लेकीच्या घरासाठी बी राखून ठेवणं.

राहता राहिला जागेचा प्रश्न. लोहाऱ्यासारख्या वाढत्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे वीस चौरस मीटर कुठून येणार? त्यांच्यापुरतं उत्तर लहान आहे: दोन-चार कुंड्या किंवा पोती, त्यांत सांभार, मेथी, पुदिना, आणि मालकाची परवानगी मिळाली तर दाराशी एक शेवगा. पण सगळा भार त्या कुटुंबावर टाकणं योग्य नाही. नव्या ले-आउटमध्ये खुली जागा सोडलेली असते आणि ती बहुधा गवत व कचऱ्याने भरलेली दिसते. तिथे शेजारच्या घरांना वाफे आखून देता येतील. अंगणवाडी आणि शाळेचं आवार आहेच. घरकुल बांधताना मोरीच्या पाण्याची वाट अंगणाकडे काढली तर वेगळा खर्चही फारसा येत नाही. शहराचं नियोजन करणाऱ्यांनी परसबागेला शोभेत न धरता पाण्याच्या नळाच्या आणि नालीच्या रांगेत बसवलं पाहिजे.

कर्जाच्या चिंतेत असलेल्या जिल्ह्याला बागेतल्या आनंदाच्या गोष्टी सांगणं काहींना अप्रस्तुत वाटेल. कापसाला रास्त भाव, पीकविमा, सिंचन, दवाखाना यांची जागा वालाचा वेल घेऊ शकत नाही, आणि कुणी तो पर्याय म्हणून पुढे करत असेल तर त्याला विरोध केला पाहिजे. पण संकटातल्या घराला आनंद नंतर मिळाला तरी चालेल, हा समज मला मान्य नाही. मुलाचं बालपण भाव वाढेपर्यंत थांबत नाही. जे पहिल्या दोन वर्षांत खायला मिळालं नाही आणि जे पहिल्या दहा वर्षांत अनुभवायला मिळालं नाही, ते पुढच्या सुगीत भरून देता येत नाही. म्हणून येत्या मृगात जिथे हातभर जागा आहे तिथे वाफा पडावा, तो घरातल्या सगळ्यांनी मिळून पाडावा, आणि जिथे जागा नाही तिथे ती ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे मागावी. घरचं सुख ही मागण्याजोगी, आखण्याजोगी आणि वाटून घेण्याजोगी गोष्ट आहे, असं आपण एकदा मनाशी ठरवलं की हे काम अवघड राहत नाही.